सुळ्यांची घाई करू नका: स्मायलोडॉनचं चित्र हाडांपासून कसं काढायचं

कुणालाही म्हणा, सेबरटूथ, म्हणजे तो लांब सुळ्यांचा नामशेष शिकारी प्राणी, काढून दाखव. तो काय करणार, एक वाघ काढणार, पट्टे मारणार आणि वरच्या ओठातून दोन विळे खाली लोंबकळत ठेवणार. झालं चित्र. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय, त्यामुळे कुणाला हसायचा मला अधिकार नाही. माझं पहिलं "सीरियस" चित्र तर असं होतं की बर्फात उभा स्मायलोडॉन (सेबरटूथ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तोच), मागे झुपकेदार मॅमथ, सिंहासारखी लांब शेपूट आणि डरकाळी फोडणारं तोंड. भाचीनं दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मामा, हा चावणार कसा? दात तर खालच्या जबड्याच्याही खाली गेलेत, मग त्यांच्या आणि जबड्याच्या मधे जागा कुठाय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. तोंड मी आपलं मांजर जांभई देतं तेवढंच उघडलं होतं. त्याच दिवशी पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसलो आणि तिथून माझी चित्र काढायची पद्धतच बदलली, तीच खाली लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, हा वाघ नाही. आपण सर्रास सेबरटूथ टायगर म्हणतो, पण वाघ, सिंह, बिबट्या, घरची मांजर हे सगळे एका फांदीवरचे आणि स्मायलोडॉन वेगळ्या फांदीवरचा, आणि या दोन फांद्या साधारण २ कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. म्हणजे वाघाचा फोटो समोर ठेवून ट्रेस केलात तर चूक पहिल्या रेघेलाच झाली.

दुसरं, कुठला स्मायलोडॉन ते ठरवा. याच्या ३ जाती मानतात. ग्रॅसिलिस सगळ्यात लहान आणि जुनी, वजन साधारण ५५ ते १०० किलो. मधली फॅटॅलिस, १६० ते २८० किलो. आणि पॉप्युलेटर म्हणजे नुसता राक्षस, २२० ते ४०० किलो, काही अंदाज तर त्याच्याही वर जातात. ही तिसरी दक्षिण अमेरिकेतली, पीटर विल्हेल्म लुंड नावाच्या डॅनिश माणसाला ब्राझीलमधल्या लागोआ सांताच्या गुहांमध्ये तिची हाडं सापडली आणि १८४२ मध्ये त्यानं तिला नाव दिलं. पहिल्यांदा काढणाऱ्यानं फॅटॅलिसच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिची हाडं ढिगानं मिळालीत. लॉस एंजेलिसमधले ला ब्रेआचे डांबराचे खड्डे ऐकले असतील, तिथून एकट्या स्मायलोडॉनचेच २ हजारांवर प्राणी निघालेत. जमिनीतून चिकट अस्फाल्ट वर यायचं, त्यात एखादा बायसन नाहीतर घोडा रुतायचा, त्याच्या ओरडण्यानं शिकारी यायचे आणि तेही रुतायचे, त्यामुळे तिथल्या सस्तन प्राण्यांच्या हाडांत जवळजवळ ९० टक्के हाडं मांसाहारी प्राण्यांची आहेत. निसर्गात खरं तर हे प्रमाण अगदी उलटं असतं. आपल्याला त्याचा फायदा एवढाच की फॅटॅलिसचं प्रत्येक हाड, अगदी पिल्लांचीसुद्धा, शेकड्यानं मोजून झालेलं आहे.

आता रेफरन्स. कवटीचा अगदी बाजूनं काढलेला फोटो शोधा, तिरका नको. तिरक्या फोटोत आणि त्यातही मोबाइल जवळ नेऊन काढलेल्यात कॅमेऱ्याजवळचा दात फुगून येतो आणि मागची कवटी आक्रसते, आणि आपण ते खरं धरून चालतो. शक्य असेल तर ३-४ वेगवेगळ्या कवट्यांचे फोटो जमवा, कारण मांडून ठेवलेल्या कवटीत दात कधी कधी खोबणीतून थोडा घसरलेला असतो आणि आहे त्याहून लांब दिसतो. आणि हो, ला ब्रेआची हाडं चॉकलेटी-काळी दिसतात ती अस्फाल्टमुळे, चित्रात कवटी काढणार असाल तर तो रंग जिवंत प्राण्याच्या हाडाला देऊ नका.

आता पुठ्ठ्याचं काम. हे टाळू नका, खरंच सांगतो, अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या दहा चुका वाचतात. बाजूच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून वरची कवटी एका तुकड्यावर आणि खालचा जबडा दुसऱ्या तुकड्यावर उतरवा, दोन्ही पुठ्ठ्यावर चिकटवून कापा. मग जिथे जबड्याचा सांधा असतो, म्हणजे कानाच्या भोकाच्या जरा पुढे आणि खाली, तिथे दोन्ही तुकड्यांतून एक टाचणी आरपार घाला. झाला तुमचा चालता जबडा. आता कोनमापक धरा आणि हळूहळू उघडत जा. ३० अंशांवर सुळ्याचं टोक अजून हनुवटीच्या बाजूलाच लटकलेलं दिसेल. ६५ अंशांच्या आसपास सिंहाचं तोंड पुरतं उघडतं, पण तुमच्या पुठ्ठ्यात तेव्हा कुठे सुळ्याचं टोक आणि खालचा दात यांच्यात जेमतेम फट पडायला लागलेली असेल, एवढ्यात कुणाचा गळा मावणार? अजून उघडा. ११०-१२० अंशांपर्यंत गेलात की मग मधे मोकळी जागा दिसते. स्मायलोडॉनचं तोंड एवढं उघडायचं असाच हाडांवरून हिशेब निघतो. माझ्या भाचीनं टाचणी धरून हे तीन वेळा उघड-मीट केलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे याचं डोकंच मागे पडतं." बरोब्बर. नुसता खालचा जबडा खाली जात नाही, डोकंही मानेवर मागे झुकतं. डरकाळीचं चित्र काढताना कपाळ समोर आणि जबडा छातीत घुसलेला असं काढलंत तर तो प्राणी स्वतःचाच गळा दाबतोय असं दिसतं.

पुठ्ठा हातात आहे तोवर खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाकडे बघा. सांध्याच्या पुढे वर आलेला एक उंचवटा असतो, चावायचा मोठा स्नायू तिथे बसतो. सिंहात हा उंचवटा चांगला उंच असतो, स्मायलोडॉनमध्ये बुटका. उंच असता तर तोंड एवढं उघडताना तो स्नायू भलताच ताणला गेला असता. पण बुटका म्हटल्यावर चाव्याची ताकदही कमी, आणि २००७ च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमध्ये ती सिंहाच्या साधारण एक तृतीयांश निघाली. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो. होऊ दे. कारण खरी मजा मानेत आणि पुढच्या पायांत आहे, त्याच्याकडे येतोच.

कवटी जमली की तीच मोजपट्टी म्हणून वापरा. फॅटॅलिसची कवटी साधारण फूटभर लांब, खांद्याजवळची उंची साधारण १ मीटर आणि शेपूट सोडून अंगाची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे उंची तीन डोक्यांहून थोडी जास्त, लांबी सहाला किंचित कमी. कागदावर डोक्याच्या मापाच्या चौकटी आखा आणि प्राणी त्यात बसवा. बसवताना हात आपोआप सिंहासारखा लांबलचक काढायला जातो, तिथे थांबा. स्मायलोडॉनची कंबर आखूड आहे, शेवटच्या बरगडीपासून खुब्यापर्यंतचं अंतर सिंहापेक्षा कमी ठेवा, आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा हलके. एकूण आकार असा हवा की लांबून बघणाऱ्याला क्षणभर अस्वलच वाटावं. शेपूट आखूड, बॉबकॅट या अमेरिकेतल्या रानमांजरासारखी, टोकाला झुपका वगैरे काही नाही. माझ्या त्या जुन्या चित्रातली शेपूट मी नंतर खोडरबरानं खोडली तर कागदाचा तिथला भाग फाटायलाच आला, अजूनही लख्ख दिसतो तो डाग.

पुढचे पाय जाड काढा. जाड म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याहून जाड. दंडाच्या हाडांचे एक्स-रे काढून पाहिले तेव्हा हाडाची भिंतच इतर मोठ्या मांजरांपेक्षा जाड निघाली, म्हणजे ते हाड वाकवणारा जोर सोसायला तयार झालेलं होतं. का, तर हा पळून पाठलाग करणारा गडी नव्हे. दबा धरायचा, झेप घ्यायची, पुढच्या पायांनी सावज आडवं पाडायचं, दाबून धरायचं, आणि ते हलायचं थांबलं की मग गळ्यावर सुळे. त्या वेळी मानेचे स्नायू डोकं खाली ओढायचे, जबडा बिचारा मदतीला. त्यामुळे मान लांबट आणि भरदार हवी, कानामागून खांद्यापर्यंत एक सलग जाड पट्टा. हा पट्टा नीट आला की चित्र निम्मं जिंकलात, कारण बहुतेक चित्रं नेमकी इथेच वाघाची होतात.

आणि सुळे? आत्ता काढा, आता हरकत नाही. दोन गोष्टी सांभाळा. एक, तो गोल खुंटा नाही, बाजूनं दाबलेला चपटा आहे, आडवा छेद घेतला तर लांबट अंडाकृती येईल, आणि कडांना बारीक दाते. समोरून बघताना म्हणूनच तो बाजूपेक्षा कितीतरी अरुंद दिसतो, समोरचं चित्र काढणारे हे हमखास विसरतात. दुसरं, पुस्तकात लिहिलेली लांबी मुळासकट असते. पॉप्युलेटरचा दात २८ सेंटीमीटरपर्यंत, फॅटॅलिसचा साधारण १८, पण त्यातला मोठा हिस्सा जबड्याच्या हाडात आणि हिरडीत असतो. अख्खे १८ सेंटीमीटर बाहेर काढलेत तर तुमचा स्मायलोडॉन वॉलरस होईल.

चपटा दात पुढून मागे मजबूत असतो पण आडव्या धक्क्याला कच्चा. म्हणून ते प्रसिद्ध दृश्य, मॅमथच्या पाठीवर चढून मणक्यात सुळे खुपसणारं, काढू नका. हाडावर आपटला आणि सावजानं अंगाला एक हिसका दिला की दात गेला. आणि गेलेला दात परत येत नाही.

पिल्लू काढणार असाल तर त्याला मोठ्यांचे सुळे देऊ नका. त्यांनाही आधी दुधाचे सुळे यायचे, मग पक्के. फॅटॅलिसचा पक्का सुळा महिन्याला साधारण ६ मिलिमीटर वाढायचा, हा वेग सिंहाच्या दुप्पट आहे, तरी पूर्ण वाढायला पिल्लू ३ वर्षांचं व्हायचं. मधे काही महिने दुधाचा आणि पक्का असे दोन्ही शेजारी शेजारी असायचे. हे कुणीच काढत नाही, तुम्ही काढा, भारी दिसतं.

चेहऱ्याच्या मऊ भागांवर मात्र वाद झालेत. १९६९ मध्ये जॉर्ज मिलर या अभ्यासकांनी सुचवलं होतं की नाक बुलडॉगसारखं आत, कान खाली आणि ओठ मागेपर्यंत लांब, म्हणजे तोंड मोठं उघडता येईल. नंतरच्या अभ्यासकांनी ते मोडीत काढलं, नाक-कान आजच्या मोठ्या मांजरांसारखेच असणार असं आता धरतात. मीही तसेच काढतो, फक्त कान लहान आणि डोक्याच्या मागच्या अंगाला, कारण कवटीवरचा मधला हाडाचा कणा उंच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंचे गोळे येतात.

रंग हाडात उरत नाही, त्यामुळे इथे तुम्हाला मोकळं रान आहे, पण मोकळं रान म्हणजे वाघाचे पट्टे नव्हे. माझा हिशेब असा असतो की प्राणी राहायचा कुठे. ला ब्रेआच्या दातांवरून झालेल्या अभ्यासांनुसार फॅटॅलिस झाडीतले, पाला खाणारे प्राणी जास्त मारायचा. दबा धरणारा, झाडीतला, म्हणजे तुटक ठिपके किंवा अंधुक डाग चालतील, उन्हा-सावलीत विरघळतात. सरळ एकसुरी पिंगट केलात तरी कुणी चूक म्हणणार नाही. आयाळ देऊ नका, उगाच मेहनत वाया जाते आणि ती भरदार मान झाकली जाते.

मागचं दृश्य. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आणि स्मायलोडॉन गेला साधारण १० हजार वर्षांपूर्वी, दोघांना एका कागदावर आणू नका. बर्फ आणि केसाळ मॅमथही नको, कारण स्मायलोडॉन अमेरिका खंडांतला, सायबेरियातला नाही. ला ब्रेआमध्ये त्याच्या आसपास कोलंबियन मॅमथ होता, तो आकारानं मोठा आणि अंगानं कमी केसाळ, शिवाय बायसन, घोडे, उंट आणि डायर वुल्फ नावाचे मोठे लांडगे. पॉप्युलेटर घेतलात तर मागे मेगाथेरियम येऊ दे, हत्तीएवढा जमिनीवरचा स्लॉथ (आजचे स्लॉथ म्हणजे झाडाला लटकणारे संथ प्राणी), तिथले ग्लिप्टोडॉनही चालतील, कवचवाले. मेगाथेरियम काढताना पाऊल सपाट टेकवू नका, तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा, नखं आत वळलेली.

हीच पद्धत दुसऱ्या सुळेवाल्यांना लावता येते, पण प्रत्येकाचा पुठ्ठा वेगळा. होमोथेरियमचे सुळे आखूड आणि जास्त करवती, पुढचे पाय लांब त्यामुळे पाठ मागे उतरती, थोडी तरसासारखी. तोंड मिटलं की त्याचे सुळे ओठाखाली झाकले जायचे असा नामशेष प्राण्यांचे चित्रकार मॉरिसिओ आंतोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२२ चा निष्कर्ष आहे, म्हणजे होमोथेरियमचं शांत बसलेलं चित्र काढलंत तर सुळे दिसणारच नाहीत, बघणारा म्हणेल हे काय काढलंय. स्मायलोडॉनचे मात्र बाहेर दिसायचे. आणि होमोथेरियमचं एक नशीब असं की त्याचं चक्क कातडीसकट पिल्लू मिळालंय. २०२० मध्ये सायबेरियाच्या याकुतिया भागातल्या बाद्यारिखा नदीकाठच्या गोठलेल्या जमिनीतून निघालं, अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. वय जेमतेम ३ आठवडे, काळ साधारण ३५ हजार वर्षांपूर्वीचा. दाट गडद तपकिरी केस, कान लहान, मान त्याच वयाच्या सिंहाच्या पिल्लाहून जाड, पंजा रुंद आणि गोलसर, आणि वरचा ओठ सिंहाच्या पिल्लाच्या दुपटीहून उंच. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा आधी ओठच मोजला, पट्टी स्क्रीनवर लावून.

थायलॅकोस्मायलस तर मांजरच नाही. दक्षिण अमेरिकेतला, पोटपिशवीवाल्या प्राण्यांच्या नात्यातला, सुळे मात्र हुबेहूब त्याच वळणाचे. पण त्याचा सुळा आयुष्यभर वाढायचा, मूळ पार डोळ्यांच्या वरपर्यंत गेलेलं, म्हणून डोळे बाजूला सरकलेले, आणि खालच्या जबड्याला हनुवटीपासून खाली लोंबणारी म्यानासारखी हाडाची पट्टी. चेहरा समोरून काढताना मांजरासारखे पुढे बघणारे डोळे दिलेत की चूक.

केसाळ मॅमथ काढायचाच असेल तर वेगळा कागद घ्या, त्याचे मात्र लाड आहेत, कारण गोठलेले प्राणी भरपूर मिळालेत. २००७ मध्ये रशियाच्या यमाल भागात सापडलेलं ल्यूबा नावाचं पिल्लू शोधा, सोंडेच्या सुरकुत्यासुद्धा बघता येतात. कान आजच्या हत्तीच्या मानानं फारच छोटे, शेपूट आखूड, डोक्यावर उंच घुमट, मग मानेजवळ खळगा आणि पुढे पाठ मागे उतरत जाते. सोंडेच्या टोकाला दोन बोटं, वरचं लांब. शिवाय ज्यांनी जिवंत मॅमथ बघितले त्यांनीच काढून ठेवलेली चित्रं आहेत, फ्रान्समधल्या रूफिन्याकच्या गुहेत १०० हून जास्त मॅमथ आहेत. त्यातली पाठीची रेघ आधी नुसती बघून गिरवा. एका झटक्यात मारलेली आहे ती, आपण तीच पाच तुकड्यांत जोडत बसतो.

परत स्मायलोडॉनकडे. शेडिंग झाल्यावर चित्राखाली छोट्या अक्षरात जात, जागा आणि काळ लिहा, आणि कागदाच्या मागे दोन यादी करा, काय हाडांवरून घेतलं आणि काय मनानं घातलं. माझ्या दुसऱ्या यादीत हल्ली तीनच गोष्टी असतात, ठिपके, डोळ्यांचा रंग आणि कानांचा आकार. पहिल्या चित्राची यादी आज केली तर शेपटीपासून सुरुवात होईल.

मिशा अगदी शेवटी. वरच्या ओठाच्या गादीवर आधी बारीक टिंबांच्या ओळी टाका, मग प्रत्येक टिंबातून एकेक केस, टोकदार पेन्सिलीनं, मुळाशी दाब देऊन टोकाला हात उचलायचा. सुळ्याच्या वरून जाणारे केस आधी काढा आणि सुळ्याचा पांढरा भाग त्यांच्यामधूनच ठेवा, नंतर खोडून काढायला गेलात तर दात राखाडी होतो.